पान उघडेपर्यंत

सिस्टरनी फोनकडे हात नेला होता. मीच म्हणाले, "फोन नको, पान उघडून बघू. लगेच कळेल." त्या एका वाक्याचा हिशेब मी पुढे बरीच वर्षं स्वतःशी करत राहिले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी चोवीस-पंचवीस वर्षांची, कराडला संगणकाचा डिप्लोमा करून साताऱ्यात एका छोट्या संस्थेत नोकरीला लागले होते. आमच्या वस्तीत संगणकावर काम करणारी मी पहिलीच. वडील सैन्यात सिग्नलला, म्हणजे वायरलेसवर होते, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गल्लीत कुणी जयभीम घालून थांबलं की ते माझ्या कामाबद्दल सांगत, आणि मला आत बसून लाजायला होई.

आमच्या संस्थेकडे एका ट्रस्टचं काम आलं होतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या सात आरोग्य केंद्रांना ट्रस्टने कुठल्या कुठल्या कंपन्यांनी टाकून दिलेले संगणक दिले होते. त्या संगणकांवर इंटरनेटवरचं एक पान उघडायचं आणि सापाच्या विषावरच्या लसीच्या आज कुठल्या केंद्रात किती बाटल्या आहेत ते बघायचं, एवढंच काम. रोज सकाळी प्रत्येक केंद्र आमच्या ऑफिसला फोन करून आकडा सांगे, मी तो पानावर चढवत असे. पान मी तयार केलं होतं. दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा स्कॅन करून घेतला, नद्या निळ्या केल्या, डोंगर तपकिरी केले आणि प्रत्येक केंद्राच्या जागी एक ठिपका ठेवला. लस असेल तर हिरवा, नसेल तर लाल. ठिपक्यावर क्लिक केलं की दुसरं पान उघडे आणि आकडा दिसे. ऑफिसातल्या नव्या रंगीत मॉनिटरवर ते इतकं देखणं दिसायचं की मी उगाचच पुन्हा पुन्हा उघडून बघत असे.

साहेबांना, म्हणजे ट्रस्टच्या डॉक्टरांना, ते दाखवलं तेव्हा ते खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले. म्हणाले, "हे पाहुण्यांना दाखवायला छान आहे." त्यांनी सगळ्या केंद्रांना पत्रही पाठवलं: लस हवी असेल तर आधी पान बघावे, मग फोन करावा.

ऑगस्टात मी मेढ्याच्या पुढे डोंगरातल्या एका केंद्रावर गेले. केंद्राचं नाव लिहीत नाही. मराठी अक्षरांचा फॉन्ट फ्लॉपीवरून तिथल्या संगणकात भरायचा होता, तेवढंच काम होतं. एसटीतून उतरून चिखलातनं अर्धा तास चालत पोचले. केंद्रातल्या सिस्टर पन्नाशीच्या, पंधरा वर्षं त्याच खोऱ्यात काढलेल्या. डॉक्टर वरच्या वाड्यांवर लसीकरणाला गेले होते, केंद्राची जीप त्यांच्याबरोबर. संगणक एका कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कागदाखाली झाकून ठेवला होता. सिस्टरनी कागद काढला तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं की मॉनिटर रंगीत नाही. पांढरा, काळा आणि मधला करडा, एवढंच त्यात दिसे. मला किंचित खटकलं, पण फॉन्ट भरायच्या घाईत मी ते मनातच ठेवलं.

दुपारी दोनच्या सुमाराला अंगणात आरडाओरड झाली. चार माणसांनी घोंगडीत घालून एका बाईला आणलं होतं. तिशीची असेल. भाताच्या खाचरात तण भांगलताना तिच्या घोट्याला घोणस चावली होती. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. बरोबर तिची सासू होती, डोक्यावर इरलं तसंच, कमरेपर्यंत चिखल.

सिस्टरनी बाईला खाटेवर घेतलं. तोंड उघडून बघितलं तर हिरड्यांतून रक्त झिरपत होतं. त्यांनी काचेच्या नळीत तिचं थोडं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. "वीस मिनिटांनी बघायचं," त्या मला म्हणाल्या. "रक्त गोठलं तर ठीक. न्हाई गोठलं तर विष अंगात भिनलं समजायचं." मग कपाटातून लसीच्या बाटल्या काढल्या. दोनच होत्या. डॉक्टरांनी अशा वेळी काय करायचं ते शिकवून ठेवलं होतं. सिस्टरनी सलाईन लावलं, दोन्ही बाटल्या त्यात सोडल्या.

"दोननं भागणार न्हाई," त्या हळू म्हणाल्या. "कमीत कमी आठ-दहा पाहिजेत."

गावातली एक वडापची, म्हणजे भाड्याने माणसं नेणारी जीप दारात आणून उभी केली होती. प्रश्न एकच होता, ती न्यायची कुठे. फाट्यावरनं एक रस्ता खालच्या केंद्राकडे जात होता, दुसरा खिंडीतून पलीकडच्या खोऱ्यातल्या केंद्राकडे. दोन्हीकडे पाऊण तास. चुकीच्या बाजूला गेलं आणि तिथं लस नसली, तर परत फिरून दुसरीकडे पोचायला दीड तास जाणार. साताऱ्याचं मोठं हॉस्पिटल त्याहून लांब, आणि घाटात सकाळीच दरड उतरली होती.

सिस्टरनी फोनकडे हात नेला तो इथेच.

माझं वाक्य ऐकून त्या क्षणभर थांबल्या. साहेबांचं पत्र समोरच भिंतीला चिकटवलेलं होतं. त्यांनी हात मागे घेतला.

केंद्रात फोनची एकच लाइन. इंटरनेट लावायचं तर तीच लाइन मोडेमला जोडायची, म्हणजे तेवढा वेळ फोन बंद. मी वायर फोनमधून काढून मोडेमला लावली. इंटरनेटसाठीचा पुण्याचा नंबर फिरू लागला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. तिसऱ्यांदा तो किरकिरणारा आवाज आला आणि लाइन लागली. मी पानाचा पत्ता टाइप केला. घाईत एक अक्षर चुकलं, खोडून पुन्हा लिहिलं.

पडद्यावर वरच्या कडेला एक करडी पट्टी उमटली. मग तिच्याखाली आणखी एक. नकाशा वरून खाली, रेघेरेघेने येत होता. आधी उत्तरेकडचे डोंगर, जिथे कुठलंच केंद्र नव्हतं.

सासू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिची नजर पडद्यावर.

"पोरी, काय म्हणतंय ते?"

"येतंय आजी, येतंय."

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मी ऑफिसात हे पान शंभर वेळा उघडलं होतं, पण ते त्याच संगणकाच्या पोटातून. फोनच्या तारेतून, पावसात, डोंगरावर ते किती वेळ घेईल हे मी कधी मोजलंच नव्हतं. जे डोंगर मी इतक्या हौसेने रंगवले होते तेच आता वाट अडवून बसले होते. सिस्टर बाईची नाडी धरून होत्या आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या. बाई कण्हत होती, "आत्याबाई, डोळं उघडंनात."

नकाशा निम्म्यावर आला आणि लाइन तुटली.

"काय म्हणतंय?" सासूने विचारलं.

"एक मिनिट. परत लावते."

मी परत लावलं. खरं तर तेव्हाच उठायला हवं होतं. पण आता एवढा वेळ घालवलाय, आता येईलच, असं वाटत राहतं माणसाला. पुन्हा वरून सुरुवात. पुन्हा तेच डोंगर. शेवटी नकाशा पुरा झाला, ठिपके उमटले, आणि मी पडद्याला नाक लावून बघत राहिले.

सगळे ठिपके करडे होते. लाल कुठला, हिरवा कुठला, त्या पडद्यावर काही फरकच नव्हता.

मी खालच्या केंद्राच्या ठिपक्यावर क्लिक केलं. दुसरं पान उघडायला लागलं. वर करडी पट्टी उमटली.

"मॅडम, उठा," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी स्वतःच वायर ओढून काढली आणि फोनला लावली. रिसीव्हर उचलायच्या आधीच घंटी वाजली. खालच्या केंद्राचा कंपाउंडर होता. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आलं.

"किती वेळ लावतोय सिस्टर, सारखा एंगेज! आमची लस सकाळीच संपली. तुमच्याकडं शिल्लक हाय का इचारायचं हुतं."

सिस्टरनी फोन ठेवला, पलीकडच्या खोऱ्यात लावला. तिथे चौदा बाटल्या होत्या. "काढून ठेवा. पेशंट निघालाय," एवढंच त्या बोलल्या. माणसांनी बाईला उचललं. सासू जीपमध्ये चढली, सिस्टर सलाईनची बाटली वर धरून मागे बसल्या. निघताना त्यांनी टेबलावरची काचेची नळी तिरकी करून बघितली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं.

जीप गेली. भिंतीवरच्या घड्याळात मी बघितलं. मी वायर काढली तेव्हापासून सिस्टरनी ती परत लावेपर्यंत अकरा मिनिटं गेली होती.

संध्याकाळच्या एसटीने घरी आले. वडील ओट्यावर होते. मी त्यांना सगळं सांगितलं, आईला सांगायचा धीर झाला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमी वायरलेसवर कामाचं बोलायच्या आधी समोरच्याला इचारायचो, आवाज कसा येतोय. तो म्हणला तुटक येतोय, की आमी निरोप लहान करायचो. चार शब्दांत. तू इचारलंस का कुणाला?"

मी नाही म्हणाले. त्यांनी पुढे काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

बाई त्या दिवशी वाचली, पण विषाने तिच्या मूत्रपिंडांवर घाला घातला. चार दिवसांनी तिला सांगलीला हलवलं, कारण डायलिसिसचं मशीन तिथल्या एका दवाखान्यात मोकळं होतं. मी रजा टाकून गेले. कुणी सांगितलं नव्हतं. जाताना एसटीत मी काय बोलायचं ते ठरवत होते आणि प्रत्येक स्टँडवर उतरून परत फिरावंसं वाटत होतं.

ती झोपलेली होती, चेहरा सुजलेला. नवरा मुंबईहून आला होता, तिथे तो माथाडी कामगार होता. त्याने मला बघून हात जोडले. "आईनं सांगितलं, तुमी त्या दिवशी तिथं हुता. मशीनवर बसून धडपड केलीत म्हणं. लय उपकार झालं."

सासू खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिने काही खोटं सांगितलं नव्हतं; तिला जे दिसलं ते तिने सांगितलं होतं. मी तेवढ्यावर गप्प राहू शकले असते. 

"उपकार नाहीत," मी म्हणाले. "माझ्यामुळे उशीर झाला. सिस्टर आधीच फोन करणार होत्या. मी थांबवलं. ते पान मीच केलेलं होतं, आणि ते तिथं नीट चालत नव्हतं."

नवऱ्याने जोडलेले हात खाली आले. तो माझ्याकडे बघत राहिला, मग बायकोकडे. त्याच्या जबड्याची हालचाल मला दिसत होती. मला वाटलं तो आता ओरडणार. तो उठला आणि व्हरांड्यात निघून गेला.

सासू म्हणाली, "मी तुला इचारत हुते, काय म्हणतंय ते. धा डाव इचारलं. तू म्हणालीस येतंय, येतंय."

"हो."

"येत न्हाई म्हणून सांगायचं हुतंस की गं. आमी दुसरं काय तरी केलं असतं."

मी मान खाली घालून उभी होते. थोड्या वेळाने तिने तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतून माझ्यापुढे धरलं. क्षमा केली असं ती म्हणाली नाही, मीही तसं धरलं नाही. पाणी प्यायले आणि निघाले.

सांगलीहून परत न येता मी कवठे महांकाळच्या बाजूला गेले. त्या तालुक्यातही आमचं एक केंद्र होतं. आता काहीही बदलायच्या आधी एक अख्खा दिवस नुसतं बसून बघायचं, असं ठरवलं होतं. तिथे सगळंच उलटं. मॉनिटर रंगीत, फोनची लाइन स्वच्छ, पान दीड मिनिटात आलं. पण अकरा वाजता वीज गेली ती तीनपर्यंत आलीच नाही. कंपाउंडर म्हणाला, "मॅडम, आमी सकाळी आठला बघतो आणि पाटीवर खडूनं लिहून ठेवतो. दिवसभर तीच पाटी." त्या पाटीवर एक नाव होतं जे माझ्या नकाशात नव्हतंच. हद्दीपलीकडे, कर्नाटकातलं एक हॉस्पिटल. तिथून ते सगळ्यात जवळ. माझा नकाशा जिल्ह्याच्या रेषेवर संपत होता. साप चावलेल्या माणसाला तिथे थांबायचं काही कारण नव्हतं.

पुढच्या तीन आठवड्यांत मी उरलेली पाचही केंद्रं बघितली. एका वहीत प्रत्येकाचं लिहून घेतलं: पडदा कसला, लाइन कशी, वीज कधी असते, पान कोण उघडतं, त्याला कुठली लिपी वाचता येते, पावसात कुठला रस्ता बंद पडतो. मग नवीन पान लिहायला घेतलं. प्रत्येक केंद्राला एक अंक दिला. तो अंक टाकला की त्या केंद्रापुरतंच उत्तर यायचं. नकाशा नाही, रंग नाही. जीपने पोचायला कमी वेळ लागेल ते केंद्र वर, त्याच्यापुढे बाटल्यांचा आकडा, आकडा कधीचा ते, आणि फोन नंबर. पावसाळ्यात खिंड बंद असली तर क्रम बदलायचा. वीज जाणाऱ्या केंद्रासाठी पाटीवर जसंच्या तसं उतरवता येईल असं. डोंगरातल्या केंद्रासाठी चार ओळी, आणि त्या आल्या की लाइन आपोआप सुटून फोन मोकळा. सगळ्यात पहिली ओळ मी अशी ठेवली: "एका मिनिटात उत्तर आलं नाही तर वाट बघू नका, फोन करा." ती ओळ फोनच्या तारेतून यायची नव्हती, ती प्रत्येक संगणकात आधीच ठेवलेली होती. वायर तुटली तरी ती दिसणार होती.

हे घेऊन साहेबांपुढे गेले. पुढच्या आठवड्यात पानाचं जाहीर उद्घाटन होतं, पत्रिका छापून आल्या होत्या. त्यांनी काळ्या अक्षरांच्या त्या चार ओळी बघितल्या.

"हे काय आहे?"

"नवीन पान, सर."

"आणि नकाशा?"

"नकाशा काढलाय."

"पाहुण्यांना मी हे दाखवू? चार ओळी?" त्यांनी पत्रिका टेबलावर आपटली. "तुम्हाला कुणी सांगितलं बदलायला?"

ऑफिसात आणखी तिघं होते, सगळे आपापल्या कागदांत डोकं घालून. मी उभी होते, माझी नोकरी पक्की नव्हती. मी त्यांना अकरा मिनिटांचं सांगितलं. तोवर ऑफिसात ते कुणालाच माहीत नव्हतं. सिस्टरनी अहवालात एवढंच लिहिलं होतं की पेशंटला वेळेत हलवलं. त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं आणि मी ते सांभाळणं आता मोडत होते.

 साहेब स्वतः डॉक्टर होते. घोणस म्हणजे काय, अकरा मिनिटं म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

"बाईचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"डायलिसिस चालू आहे. लघवी सुटायला लागलीय म्हणतात."

"हं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "नकाशा फक्त आपल्या ऑफिसच्या मशीनवर दिसेल, असं करता येतं का?"

येत होतं. विचारणारा कोण आहे हे कळलं की त्याच पत्त्यावर प्रत्येकाला वेगळं दाखवता येत होतं, नवीन पानाचा सगळा घाट त्यासाठीच होता. मी हो म्हणाले. "मग तसं करा," ते म्हणाले, "आणि ते पत्र मागे घेतल्याचं दुसरं पत्र आजच काढा. आधी पान ही सक्ती नको." उद्घाटनाला पाहुण्यांनी नकाशा बघितला आणि टाळ्या वाजवल्या. मी मागे उभी होते. मला टाळ्यांचा राग आला नाही, पण त्या माझ्या वाटल्या नाहीत.

ती बाई दिवाळीपर्यंत घरी आली. पाय थोडा आखडलेला राहिला, पुढच्या वर्षी लावणीला ती बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधत होती, असं सिस्टरनी कळवलं.

त्या पुढच्या वर्षीच्याच पावसाळ्यात एका दुपारी सिस्टरचा ऑफिसात फोन आला. गवत कापायला गेलेल्या एका म्हाताऱ्याला साप चावला होता.  त्या नेहमीच्याच आवाजात बोलत होत्या. पान उघडलं, चाळीस सेकंदांत आलं, लाइन आपोआप सुटली. यादीत पहिल्या असलेल्या केंद्रापुढे नऊ बाटल्या लिहिल्या होत्या. खाली लिहिलं होतं, आकडा परवा सकाळचा.

"परवाचा बघितला आणि मी फोन केला," त्या म्हणाल्या. "तिथं एक बी न्हवती. दुसरा नंबर लावला, तिथं मिळाली. जीप पोचली, म्हातारा बरा हाय."

मी आभार मानून फोन ठेवणार होते.

"थांबा मॅडम, मी हे सांगायला फोन न्हाई केला. परवाचा आकडा तुमी नऊ म्हणून दाखवताच कशाला? एखादी नवी पोरगी असती तर खालची ओळ न वाचता तिनं धाडला असता पेशंट. जुना आकडा असंल तर आकडाच दाखवू नका. माहीत न्हाई म्हणून लिवा."

त्यांचं बरोबर होतं. मी फोन ठेवला आणि बदल करायला बसले. पाच वाजेपर्यंत झालं: आकडा त्या दिवशी सकाळचा नसेल तर त्या जागी फक्त "माहीत नाही, फोन करा" एवढंच यायचं. मग दोन दिवस आकडा न कळवणाऱ्या त्या केंद्राला फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. कुणीतरी उचलला आणि मी विचारलं, आज तुमच्याकडे किती आहेत.